दहाव्या गोळीनंतर ग्रुप फुटतो? रायफलच्या धक्क्यावर उपाय, त्यांच्या क्रमाने

दसऱ्याला आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून परवान्याची रायफल कपाटाबाहेर निघते. तेलाचा हात फिरतो, हळद-कुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंधनं आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो दरवाजा बंदच झाला, त्यामुळे एरवी वर्षभर ती रायफल तशीच पडून असते. मग दिवाळीच्या सुट्टीत कुणाचे तरी काका, कुणाचे तरी सासरे ती कव्हरात घालून मी शिकवते त्या नेमबाजीच्या रेंजवर आणतात. आणि तक्रार दरवर्षी तीच असते. "ताई, पहिल्या सात-आठ गोळ्या छान एकत्र बसल्या. पुढे सगळ्या खाली पसरल्या. खांदा ठणकतोय. धक्का कमी करायला काय लावू?"

या "काय लावू"मध्येच घोळ आहे. गेल्या वर्षी रामबागेतले एक काका वडिलांची ३१५ बोरची (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रायफल घेऊन आले, तोवर त्यांचे दोन उपाय करून झाले होते आणि तिसरा ठरला होता. दस्त्याला ऑनलाइन मागवलेला जाड रबरी पॅड लावला होता. शर्टाच्या आत जेलची गादी घातली होती. आणि नळीच्या टोकाला आटे पाडून मझल ब्रेक (वायू वळवून धक्का कमी करणारं नळकांडं) बसवून द्यायला एक लेथवाला तयार झाला होता. ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्यांचा पडणारा पुंजका, मात्र आधीपेक्षाही मोठा येत होता. मी त्यांना म्हटलं, "काका, लेथवाल्याला आधी नाही म्हणून कळवा. बाकीचं आपण एकेक करून बघू." पुढचं सगळं त्या दोन रविवारांत आम्ही ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहिते आहे. क्रम बदललात तर पैसे जातील आणि दुखणं राहील.

आधी टार्गेट वाचा

ग्रुप फुटण्याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येक कारण कागदावर आपली खूण ठेवून जातं. म्हणून टार्गेट फाडून टाकू नका. गोळ्यांना क्रमाने आकडे घाला, शेजारी बसलेल्या माणसाने दुर्बिणीतून बघून वहीत लिहिलं तरी चालेल.

गोळ्या क्रमाने एकाच दिशेला सरकत गेल्या असतील तर बहुधा नळी तापते आहे, नाहीतर तापलेली नळी लाकडाला टेकते आहे. दोन वेगवेगळे ग्रुप पडत असतील, म्हणजे चार इथे, चार तिथे, पुन्हा दोन इथे, तर काहीतरी ढिलं आहे: स्कोपची (रायफलवरच्या दुर्बिणीची) रिंग, तिला धरणारा माउंट किंवा दस्त्यात रायफल धरून ठेवणारे स्क्रू. आणि सुरुवात चांगली होऊन पुढच्या गोळ्या खाली आणि एका बाजूला उडत असतील, मधूनच एखादी पुन्हा बरोबर मध्यात बसत असेल, तर रायफल निर्दोष आहे. माणूस दचकतो आहे. यालाच सगळे फ्लिंच म्हणतात. चाप दाबायच्या क्षणी शरीर येणाऱ्या धक्क्याची तयारी करतं: खांदा पुढे येतो, मूठ आवळते, डोळा मिटतो. गोळी सुटायच्या आधीच नळी खाली गेलेली असते.

फ्लिंच आहे असं कुणालाही सांगून पटत नाही. विशेषतः वयाने मोठ्या माणसांना तो धीटपणाचा प्रश्न वाटतो. तसं ते अजिबात नाही. डोळ्यात धूळ येताना पापणी मिटते त्याच जातीची ही प्रतिक्रिया आहे, आणि शूर माणसाचीही पापणी मिटतेच. म्हणून मी सांगत बसत नाही, मोबाइल काढते. बाजूला सुरक्षित जागी उभं राहून स्लो मोशनमध्ये फक्त चेहरा आणि चापावरचा हात टिपायचा. काकांचा व्हिडिओ आम्ही झाडाखाली बसून पाहिला. तिसऱ्या गोळीला डोळा उघडा, बोट सावकाश मागे येतंय, आणि धक्क्यानंतर पापणी लवते. नवव्या गोळीला बोट हललेलंही नाही तोच भुवई खाली येते, गालाचा स्नायू ताणला जातो, पापणी पूर्ण मिटते, अंगठ्याचं नख पांढरं पडतं, आणि मग बोट झटक्यात मागे. काकांनी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. मग एवढंच म्हणाले, "मी तर डोळे मिटून मारतोय."

दुसरी खात्री डमी काडतुसांची. पाच-सहा खऱ्या काडतुसांत दोन-तीन डमी मिसळायची आणि भरायचं काम दुसऱ्याने करायचं, म्हणजे नेम धरणाऱ्याला पुढे काय आहे ते कळत नाही. डमीवर चाप दाबला की नुसता टक् आवाज होतो आणि नळी जागच्या जागी राहायला हवी. ज्याला फ्लिंच आहे त्याची नळी त्या टक्-सरशी चांगली दोन बोटं खाली बुडी मारते, आणि सगळ्या रेंजला दिसते. एक काळजी घ्या: डमी वेगळ्या रंगाच्याच हव्यात, मोजून घालायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. टक् झालं तरी नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडायचा. ती डमीच होती असं गृहीत धरायचं नाही. उशिरा पेटणारं काडतूस अधूनमधून निघतं.

धक्का येतो कुठून

शाळेतला संवेग अक्षय्यतेचा नियम आठवा. गोळी आणि तिच्यामागून निघणारा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातो, तेवढाच रायफलला मागे मिळतो. थर्टी-ओ-सिक्स या मोठ्या बोरच्या काडतुसाचं उदाहरण घेते. गोळी साधारण ९.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८८५ मीटर. दारू साधारण ३.२ ग्रॅम, आणि तिचा वायू गोळीपेक्षाही जास्त वेगाने बाहेर पडतो. रायफल ३.६ किलोची असेल तर ती सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर वेगाने मागे येते आणि खांद्यावर अंदाजे २२ ज्यूल ऊर्जा उतरते. सव्वादोन किलोची वस्तू एक मीटरवरून खांद्यावर सोडावी तेवढी. तेच गणित पॉइंट टू-टूच्या, म्हणजे लहान बावीस बोरच्या, पाच किलोच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलला लावलं तर उत्तर एक दशांश ज्यूलच्याही खाली येतं. म्हणून बावीसवर तयार झालेला चांगला नेमबाज मोठ्या बोरवर पहिल्याच दिवशी गडबडतो. हात तोच, पण खांद्याला मिळणारी ऊर्जा शेकडो पट.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि मुलांना ती सांगितली की त्यांचा चेहराच बदलतो. गोळी नळीच्या टोकाबाहेर पडेपर्यंत ती ३.६ किलोची रायफल जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. जो ठोसा आपल्याला जाणवतो तो पुढचा आहे. गोळी तेव्हा निघून गेलेली असते, तिचं आपण काहीच बिघडवू शकत नाही. त्यामुळे धक्का दाबून धरायचा खटाटोप व्यर्थ आहे. धक्का येऊ द्यायचा, फक्त प्रत्येक वेळी एकाच रस्त्याने, एकाच जागी येऊ द्यायचा.

दस्ता अंगाला बसतो का

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त दुखणी इथे सुटतात, आणि लोक इथेच सगळ्यात कमी वेळ देतात.

काकांच्या रायफलचा नवा पॅड दस्त्याच्या टोकाच्या जुन्या कडक पत्र्यावरच चढवलेला होता. म्हणजे दस्त्याची लांबी जवळपास तीन सेंटिमीटर वाढली. चापापर्यंत पोचायला ते मान पुढे ताणत होते, उजवं कोपर लटकत होतं, आणि लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर दंडावर टेकत होता. दंडावर मांस कमी, हाड जवळ. तिथे मऊ पॅडही लागतोच. तीन सेंटिमीटर जाडीचं रबर लावून त्यांनी मार वाढवून घेतला होता.

लांबी मापायची सोपी रीत आहे. रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहा, बोल्ट काढून ठेवा. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवा आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात येतं का ते बघा. मग खांद्याला लावून नेम धरा: अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर धक्क्याला अंगठ्याचाच ठोसा नाकावर बसेल. तयार रायफलची लांबी बहुधा ३३ ते ३५ सेंटिमीटरच्या दरम्यान येते आणि ती मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापाची असते. बाईमाणसाला आणि किशोरवयीन मुलाला ती बहुतेक वेळा लांब पडते. लांबी वाढवणं चकत्या घालून जमतं, कमी करायला लाकूड कापावं लागतं. ते परवानाधारक बंदूक-कारागिराकडूनच करून घ्या, आणि एका वेळी अर्धा सेंटिमीटरच.

ऋतूचाही हिशेब ठेवा. इंदूरच्या जानेवारीत सकाळी स्वेटरवर जाकीट चढतं आणि तेवढ्यानेच सेंटिमीटरभर फरक पडतो. मेमध्ये एका सुती शर्टावर नेमकी बसणारी रायफल थंडीत लांब होते. मी दोन जाडीच्या चकत्या डब्यात ठेवते आणि ऋतूप्रमाणे बदलते.

पॅडची परीक्षा नखाने होते. अंगठ्याचं नख जोर देऊन रुतवा. खूण उमटली आणि डोळ्यांदेखत भरून आली तर पॅड जिवंत आहे. नख घसरलं किंवा बारीक तडे दिसले तर ते रबर संपलं, वरून कितीही जाड दिसो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि गच्चीखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात रबर चार-पाच वर्षांत लाकडासारखं होतं. चांगला मऊ पॅड अडीच सेंटिमीटर जाडीचा पुरे. तो ऊर्जा कमी करत नाही. तीच ऊर्जा थोड्या जास्त वेळात आणि थोड्या जास्त जागेवर पसरवतो, म्हणून ठोशाचा धक्का होतो आणि तो सोसतो.

गालाची टेक हा पुढचा मुद्दा. जुन्या शिकारी रायफलींचा दस्ता मागे खूप उतरता असतो, कारण त्या उघड्या साइटसाठी (नळीवरच्या नेमाच्या खुणांसाठी) बनल्या. त्यावर नंतर स्कोप चढवला की डोळा वर न्यावा लागतो, गाल लाकडावरून सुटतो आणि हनुवटीच टेकते. धक्क्याला नळी वर उसळते, दस्ता गालफडावर येतो. ज्यांना खांद्यापेक्षा जबड्यात दुखतं त्यांनी आधी हे बघावं. गालाखाली लेसने बांधायची चामड्याची गादी मिळते, नाहीतर दाट फोमचा तुकडा आणि क्रेप बँडेज. डोळा मिटून गाल आरामात टेकवा, डोळा उघडा. स्कोपचं चित्र पूर्ण दिसलं की उंची बरोबर.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आहे, जी पुरुष प्रशिक्षक सांगत नाहीत म्हणून मी सांगते. खांद्यावरच्या पट्टीची धातूची किंवा प्लॅस्टिकची कडी नेमकी दस्त्याखाली येते. एका मुलीच्या खांद्यावर मी त्या कडीच्या आकाराचाच काळानिळा डाग पाहिला आहे, आणि दोन महिने ती "मला मोठी रायफल झेपत नाही" असं समजून होती. रेंजच्या दिवशी कडी नसलेली, सरळ पट्टीची बनियन घाला. सॅकचा बंद, मंगळसूत्र, खिशातलं पेन, सगळ्यांना हाच नियम.

शरीर मागे जाऊ द्या

उभ्याने मारताना धक्का सगळ्यात कमी लागतो, कारण कमरेपासून वरचं अंग मागे झुलतं. सगळ्यात जास्त लागतो तो टेबलावर ओणवं होऊन मारताना. छाती टेबलाला चिकटलेली, अंगाला मागे जायला जागाच नाही, मग सगळा भार खांद्याने सोसायचा. उपाय फुकट आहे: पुढची वाळूची पिशवी उंच करा, स्टूल खाली घ्या, आणि पाठ सरळ ठेवून बसा. काकांसाठी मी दोन विटा घालून टेक वर घेतली. तेवढ्यानेच त्यांचा पुढचा प्रश्न आला, "आज काडतूस हलकं आहे का?"

झोपून मारताना अंग रायफलच्या मागे शक्य तितकं सरळ रेषेत आणा. फार तिरकं झोपलात तर धक्का रायफलला तिरकं ढकलतो आणि प्रत्येक गोळीनंतर सगळी मांडणी मोडते. दस्ता हासळीच्या हाडावर नको, दंडावर नको. हात पुढे उचलला की हाड आणि खांदा यांच्यामध्ये जी मऊ खोबण तयार होते तिच्यात हवा. तिथे तो घट्ट टेकलेला असावा, पण आवळलेला नको. रायफल आणि खांदा यांच्यात फट राहिली तर रायफल वेग घेऊन येते आणि आपटते. "जरा सैल धरा, म्हणजे कमी लागेल" हा सल्ला मोठ्या बोरला पूर्ण चुकीचा आहे.

बावीसवाल्यांनाही याच भागात काम आहे. खांद्याला काही लागत नसलं तरी साइट उसळते, आणि ती कुठे परत येते हेच सगळं सांगून जातं. गोळी सुटल्यावर साइट आपोआप त्याच काळ्या वर्तुळात परतली तर मांडणी बरोबर. शेजारच्या टार्गेटकडे गेली तर आपण स्नायूंच्या जोरावर रायफल ओढून धरली होती. तेव्हा हात हलवायचा नाही, कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय सरकवायचे. स्लिंगचा (दंडाला अडकवायच्या पट्ट्याचा) ताण प्रत्येक वेळी त्याच भोकात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्य ४५१.४ गुणांवर मिळवलं, आणि आमच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याच प्रकारातला. यांच्या मॅचचे व्हिडिओ बघताना मुलं गुण बघतात. मी सांगते, गोळीनंतरची नळी बघा.

कान

एक मिनिटाचं काम आहे, पण टाळू नका. मोठ्या बोरचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि फ्लिंच शिकवण्यात त्याचा वाटा खांद्याच्या माराइतकाच असतो. आत फोमचे बोळे, वर इअरमफ, दोन्ही. पत्र्याच्या शेडखाली तर हवेतच. कापूस चालत नाही. काकांनी दोन्ही घातले तेव्हा रायफल तीच, काडतूस तेच, आणि पापणी चौथ्या ऐवजी सातव्या गोळीपर्यंत उघडी राहिली.

रायफलचे स्क्रू आणि स्कोप

धक्क्याने माणूस बिघडतो तसे स्क्रूही सुटतात, आणि सुटलेल्या स्क्रूने पुढचा धक्का वेडावाकडा येतो. दस्त्यातले स्क्रू लाकडी दस्त्याला साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरतात. हाताच्या अंदाजाने जोर लावून लाकूड चिरडू नका, टॉर्कचा पाना कुणाकडून तरी मागून आणा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, म्हणून दसऱ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा तपासणी हवीच. लाकडाला ताजी चीर दिसली तर त्या रायफलने एकही गोळी मारू नका.

स्कोपच्या बाबतीत डोळ्यापासूनचं अंतर जिवावरचं आहे. मोठ्या बोरला निदान ९ सेंटिमीटर हवंच. एअर रायफलवरचा जवळ बसणारा स्कोप थर्टी-ओ-सिक्सवर चढवून एकाने भुवईवर चंद्रकोर पाडून घेतलेली मी पाहिली आहे, चार टाके पडले. झोपून मारताना डोकं पुढे सरकतं, म्हणून अंतर झोपून मोजा. रिंगजवळ नळीवर पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा. दहा गोळ्यांनंतर रेघ आणि रिंग यांच्यात फट दिसली की स्कोप सरकतो आहे हे कळलं.

वजन, आणि मग ब्रेक

वर २२ ज्यूलचा हिशेब दिला. त्याच रायफलला अर्धा किलो चढवलं तर आकडा १९ वर येतो, एक किलो चढवलं तर १७ वर. स्वस्त, कायदेशीर आणि कधीही काढता येणारा उपाय. दस्त्याच्या पत्र्यामागे बहुतेक रायफलींना पोकळी असते. तिच्यात शिशाच्या छऱ्यांची कापडी पुरचुंडी कापूस ठासून बसवा, खुळखुळता कामा नये. सगळं वजन मागे गेलं तर नळी हलकी होऊन जास्त उसळते, म्हणून थोडं पुढच्या लाकडाखालीही हवं. रानात खांद्यावर वाहून न्यायची म्हणून शिकारी रायफल हलकी केली गेली. आज ती गाडीतून रेंजवर येते आणि टेबलावर बसते, मग हलकेपणाचा आग्रह कशाला? ५० मीटरच्या मॅच रायफलला नियमाने ८ किलोपर्यंत वजन चालतं.

ब्रेक काम करतो, ते नाकारत नाही. थर्टी-ओ-सिक्सच्या एकूण संवेगात जवळजवळ तिसरा हिस्सा वायूचा असतो. ब्रेक तो वायू बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे धक्का स्पष्ट कमी होतो. पण आवाज आणि हवेचा फटका मारणाऱ्याकडे आणि शेजारच्या लेनकडे वळतो, म्हणजे कानाचा त्रास वाढतो आणि फ्लिंचचं एक कारण तसंच राहतं. बावीसमध्ये वायू नगण्य, तिथे ब्रेकला करायला कामच नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत ब्रेक चालतच नाही. आणि परवाना नसलेल्या लेथवाल्याकडून नळीला हात लावून घेणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय आटे जरा जरी वाकडे पडले तर गोळी ब्रेकच्या भिंतीला घासून जाते. काकांची वडिलोपार्जित रायफल त्या वाटेने गेली नाही याचा मला फार आनंद आहे.

काडतुसात निवड असेल तर हलक्या गोळीचं घ्या. थर्टी-ओ-सिक्समध्ये १८० ग्रेनऐवजी १५० ग्रेनने फरक कळतो. घरी काडतुसं भरायचा विचार मनातही आणू नका.

स्प्रिंगची एअर रायफल असेल तर

बहुतेक मुलं इथूनच सुरुवात करतात, आणि तिचा धक्का वेगळ्या जातीचा आहे. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. एका गोळीत दोन झटके, आणि दोन्ही पेलेट (छर्रा) नळीत असतानाच सुरू होतात. म्हणून इथे मोठ्या बोरच्या उलट नियम: पुढचं लाकूड उघड्या तळहातावर नुसतं ठेवा, पकडू नका, खांद्यालाही हलकं टेकवा, आणि तिला तिच्या मनाप्रमाणे उडू द्या. वाळूच्या पिशवीवर थेट ठेवलीत तर ग्रुप कधीच जमणार नाही. पुढे ओढणाऱ्या झटक्याने मोठ्या बोरचा मजबूत स्कोपही खिळखिळा होतो, म्हणून स्कोप एअर रायफलसाठी बनलेलाच घ्या आणि माउंटला मागून अडकवण लावा.

अचानक धक्का वाढला, आवाज फट्कन् येऊ लागला आणि नळीतून धूर दिसला, तर कुणीतरी आत तेल घातलं आहे. शिलाई मशीनचं तेल छिद्रात सोडायची खोड घराघरांत आहे. दाबाने तापलेल्या हवेत ते तेल पेटतं, पिस्टनचं सील जळतं, स्प्रिंग तुटते. नळी कोरडी पुसा. पन्नासेक पेलेटनंतरही धूर थांबला नाही तर उघडून साफ करून घ्या. पेलेट न घालता चाप कधीच ओढू नका, पिस्टनला थांबवणारी हवेची गादीच उरत नाही.

लागलेली खोड सोडवताना

रायफल बसली, कान झाकले, तरी शिकलेली पापणी लगेच विसरत नाही. तिला वेळ द्यावा लागतो. आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या महूला सेनेचं मार्क्समनशिप युनिट आहे, आणि महूहून निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांनी मला जी रीत शिकवली तीच मी वापरते. नळीच्या टोकाजवळ रुपयाचं नाणं ठेवायचं आणि रिकाम्या रायफलचा चाप दाबायचा, नाणं पडता कामा नये. घरी, भिंतीकडे तोंड करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत बंद, रोज वीस वेळा. बावीसच्या रायफलला मात्र रिकामी टकटक नको, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. तिथे ड्राय फायरची डमी घाला.

रेंजवर मोठ्या बोरच्या पंधरा गोळ्यांच्या वर जाऊ नका. पाच मोठ्या, मग दहा बावीसच्या, पुन्हा पाच मोठ्या. खांदा हुळहुळला की त्या दिवशी थांबायचं, "अजून एक ग्रुप" नाही. हाताला मुंग्या आल्या, हासळीच्या हाडावर दाबून दुखत असेल किंवा दोन दिवसांनीही हात वर जात नसेल तर अस्थितज्ज्ञाला दाखवा आणि तोवर रायफल बंद. सोळा-सतरा वर्षांखालच्या मुलांना मी मोठ्या बोरला हातच लावू देत नाही. पहिल्या पाच गोळ्यांत लागलेला फ्लिंच काढायला वर्ष जातं.

काकांनी जुना पत्रा काढून पॅड थेट लाकडावर बसवून घेतला, दस्त्यात चारशे ग्रॅम शिसं घातलं, आणि तीन आठवडे घरी नाणं सांभाळलं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पन्नास मीटरवर पंधरा गोळ्या झाल्या. चौदा तळहाताएवढ्या जागेत, एक खाली. ती कितवी हे त्यांनी मला विचारलं नाही, वहीत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: अकरावी.

पॅड, वजन किंवा गालाची गादी, काहीही बदललंत तरी झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी बसावी अशी केलेली साइटची जुळणी, हलतो. गाल वेगळ्या जागी टेकतो, रायफल वेगळी उसळते. काकांचा ग्रुप नव्या मांडणीत चार सेंटिमीटर वर गेला होता. म्हणून आधी सगळे बदल पुरे करा, नळी थंड होऊ द्या, मग पाच गोळ्यांचा ग्रुप घेऊन साइट मिळवा, आणि किती क्लिक फिरवले ते तारखेसकट दस्त्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठीवर लिहून ठेवा.